बाळंतपणाला दिवस किती झाले?

तुमचा प्रश्न असा: जनरल प्रॅक्टिस सुरू करून वर्ष झालं, प्रसूती तुम्ही करत नाही, पण घरी सोडलेल्या बाळंतिणी बाळाला घेऊन तुमच्याकडेच येतात. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत दहा मिनिटांत काय काय पाहायचं, याची यादी तुम्हाला हवी आहे.

यादी देतो, पण शेवटी. सहावा आठवडा हा आपल्या सोयीचा दिवस आहे, धोक्याचा नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत जी बाळं दगावतात, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. आईचा जीव घेणारा रक्तस्राव बहुधा पहिल्या २४ तासांतला, रक्तदाब आणि जंतुसंसर्ग पहिल्या दहा-बारा दिवसांतले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या सूचनांमध्ये पहिल्या दिवसानंतर किमान तीन भेटी सांगितल्या आहेत: ४८ ते ७२ तासांत, सातव्या ते चौदाव्या दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. आपण तिसरी तेवढी धरून बसतो.

माझ्याकडे बाळंतीण आली की नावाच्या आधी मी केसपेपरवर कोपऱ्यात दिवस लिहितो. आज कितवा? नववा? मग ९. तक्रार तीच असते, पण दिवस बदलला की तिचा अर्थ बदलतो. हा आकडा डोक्यात पक्का बसला की निम्मं निदान झालं.

काविळीचंच बघा. पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं तर तो आजारच समजायचा, रक्तगट न जुळणं किंवा जंतुसंसर्ग, आणि लगेच पाठवायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळेपणा आला तर पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साठेक बाळांना तो येतोच. पण ‘येतोच’ म्हणून सोडून द्यायचं नाही. कावीळ किती, हे डोळ्यांनी ठरवू नका. सावळ्या कातडीवर तर आपला अंदाज हमखास चुकतो. बाळ सुस्त आहे, पीत नाही, पिवळेपणा पोटाखाली उतरलाय, असं असेल तर रक्तातलं बिलिरुबिन (कातडी पिवळी करणारं द्रव्य) त्याच दिवशी मोजलं पाहिजे. चौथ्या दिवशीच्या वाढत्या काविळीमागे पुष्कळदा दूध कमी पडणं असतं, म्हणून तिथे बाळाचं वजन आणि आईचं पाजणं पाहणं हाही उपचाराचाच भाग.

तेच बाळ पंधराव्या दिवशी अजून पिवळं असेल तर गोष्ट वेगळी. अंगावरच्या दुधाची कावीळ लांबते, हे खरं, आणि बहुतेक वेळा तीच असते. पण त्या शब्दाआड पित्तनलिका बंद असलेलं बाळ लपतं. ही बाळं छान पितात, वजनही सुरुवातीला बरं वाढतं, सगळे खूश असतात. मी स्वतः एकदा ‘दुधाची कावीळ, जाईल’ म्हणून आईला धीर देऊन पाठवलं होतं. तीन आठवड्यांनी ती परत आली, तेव्हा दुपट्यावरची शी पांढुरकी, शाडूच्या मातीसारखी होती. आधीच्या भेटीत मी शीचा रंग विचारलाच नव्हता. तेव्हापासून विचारतही नाही, दाखवा म्हणतो. फिकट शी आणि कापडाला डाग पाडणारी पिवळी लघवी, ही दोन चिन्हं वाट पाहण्याची नाहीत. दोन आठवड्यांपुढे कावीळ राहिली की एकूण बिलिरुबिनबरोबर डायरेक्ट बिलिरुबिन (त्यातला पित्त तुंबलं की वाढणारा भाग) करायचंच. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला तीन आठवड्यांची मुदत. कारण पित्तमार्ग मोकळा करणारी कासाई शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचं होण्याआधी झाली तर यशाची शक्यता बरीच जास्त असते, आणि सहाव्या आठवड्याच्या भेटीला आपण बेचाळिसाव्या दिवशी पोहोचलेलो असतो. त्याच बाळाच्या अंगावर काळे-निळे डाग दिसले, नाळेतून रक्त आलं तर रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के आठवा. जन्मतः एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन मिळालं होतं का, हे डिस्चार्ज कार्डावर शोधा. न मिळालेल्या बाळांत दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यात थेट मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि त्याआधी असा एखादा किरकोळ डागच काय तो इशारा असतो.

काविळीसाठी बाळाला ऊन दाखवावं का, हे पालक विचारतीलच. फोटोथेरपीचा, म्हणजे काविळीवरच्या प्रकाशाच्या उपचाराचा शोधच उन्हातून लागला, हे त्यांना सांगायला हरकत नाही. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिकेने बाळांना अंगणात उन्हात नेलं, आणि एका बाळाचा दुपट्याखाली झाकलेला भाग पिवळा राहून उरलेल्या कातडीचा पिवळेपणा उतरलेला तिने डॉक्टरांना दाखवली. दोन वर्षांनी त्यावरचा लेख आला. पण तिने जे पाहिलं त्यातून निळ्या प्रकाशाचं यंत्र बनलं, ते प्रकाश मोजून देता यावा म्हणूनच. खिडकीतलं ऊन मोजता येत नाही, बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि मुख्य म्हणजे रक्त तपासायचं राहून जातं.

आता आईकडे. ती बाळासाठी येते, स्वतःसाठी नाही. ‘तुम्ही कशा आहात?’ असं विचारलं की ‘मी बरी आहे’ हेच उत्तर येतं. म्हणून प्रश्न नेमका विचारावा. अंगावरून किती जातंय? लालभडक तीन-चार दिवस, मग तपकिरी-गुलाबी, दहाव्या दिवसानंतर पांढरट, असं चार ते सहा आठवडे चालतं. थांबलेलं पुन्हा लाल झालं, गाठी पडू लागल्या, एका तासात पॅड भिजतंय, वास येतोय, म्हणजे आत वारेचा तुकडा किंवा संसर्ग, किंवा दोन्ही. दहा-चौदा दिवसांनंतर गर्भाशय ओटीपोटावरून हाताला लागू नये. लागलं आणि दाबल्यावर दुखलं, तर तिला घरी पाठवू नका.

रक्तदाब हा माझ्या मते या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित आकडा. प्रसूतीनंतर तो उतरतो आणि पुन्हा चढतो, आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत सर्वांत वर जातो. म्हणजे नेमका हॉस्पिटलातून सुटल्यावर. गरोदरपणात प्रेशर कधीच वाढलं नव्हतं, हे उत्तर इथे चालत नाही. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणाशी जोडलेला रक्तदाबाचा आजार, बाळंतपणानंतर नव्यानेही सुरू होतो, सहा आठवड्यांपर्यंत कधीही. १६०/११० किंवा वर गेलं तर ‘उद्या परत मोजू’ नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, तेवढंच असेल तर औषध सुरू करून पाठवायचं, झटके येण्याआधी. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, एनालाप्रिल ही औषधं पाजणाऱ्या आईला चालतात. गरोदरपणापासून मिथाइलडोपा चालू असेल तर बदला, ते मन आणखी खाली ओढतं.

डोकेदुखीतही दिवस विचारा. पहिल्या चार-पाच दिवसांत, पाठीत सुई दिलेल्या बाईला, उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी बहुधा त्या सुईची. पाचव्या-सहाव्या दिवशी, डोळ्यांपुढे चमकणं, वरच्या पोटात दुखणं, म्हणजे प्रेशर, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिवसागणिक वाढणारी, उलट्या, एखादा झटका, हातपाय जड, म्हणजे मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते. ‘जागरणाने दुखतंय’ हे निदान सगळ्यात शेवटी.

ताप आला की आपण स्तन पाहतो, टाके पाहतो, लघवी तपासतो. ठीक. पण नाडी आणि श्वास मोजायला विसरू नका. नाडी १२० आणि श्वास २६ असलेली, अंगाला हात लावला तर गार लागणारी बाळंतीण ताप असलेल्या बाईपेक्षा जास्त आजारी असते. प्रसूतिज्वराला हात धुण्यानेच आळा बसतो, हे व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये दाखवलं. तो आजार इतिहासजमा झालेला नाही, आता तो घरी पोहोचल्यावर दिसतो, इतकंच.

एका भेटीबद्दल सांगतो. बाळाला सर्दी म्हणून एक बाई आली, प्रसूतीला साडेतीन आठवडे. बाळ ठणठणीत. निघताना ती म्हणाली, ‘मलाही खोकला आहे, एखादं औषध द्या.’ मी प्रिस्क्रिप्शनचं पॅड ओढलं होतं, आणि सहज विचारलं, खोकला कधी येतो? ‘आडवं झालं की.’ मग झोपता कशा? ‘बसूनच. तसंही बाळ झोपू देत नाही.’ पायावर सूज होती, ती तिला बाळंतपणाचीच वाटत होती. नाडी ११८. इकोमध्ये हृदय फुगलेलं निघालं. पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू दुबळा होणं, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत कधीही दिसू शकणारी. दमणं, पाय सुजणं, झोप न लागणं ही तिची लक्षणं आणि नव्या आईचं रोजचं आयुष्य यांत वरवर काहीच फरक नाही. म्हणून दमते म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी एवढंच विचारतो: सपाट झोपता येतं का? नाही म्हणाली तर पुढचं सगळं बाजूला. (एका पायाची सूज, त्यातही डाव्या, पोटरी दुखणं, अचानक छातीत कळ, ही गुठळीची वाट. पहिले सहा आठवडे तिचा धोका असतो, पहिल्या तिनांत जास्त.)

स्तनांबद्दल थोडक्यात. पाजताना स्तनाग्र दुखतंय तर मलम लिहिण्याआधी आईला तुमच्यासमोर पाजायला सांगा. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र आहे की भोवतालचा काळा भागही, हे दोन मिनिटांत कळतं. लाल, दुखरा, गाठ आलेला स्तन आणि ताप असेल तरी त्या बाजूने पाजणं थांबवायचं नाही; थांबवलं की गळू होण्याची भीती वाढते. गाठ जोरजोरात चोळायला सांगण्याची जुनी पद्धत मी सोडली आहे, त्याने आतली सूज वाढते. गार शेक, आयबुप्रोफेन, बाळाच्या गरजेएवढं पाजणं, आणि दिवसभरात उतार नसेल तर स्टॅफिलोकोकस या जंतूवर चालणारं अँटिबायोटिक. हाताला लिबलिबीत लागलं तर सोनोग्राफी आणि सुईने उपसा. वेदनाशामक म्हणून कोडीन मात्र पाजणाऱ्या आईला नाही. काही बायकांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि दुधातून बाळाचा श्वास मंदावतो.

आणि रडणं. इथेही दिवस. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कारण नसताना रडू फुटणं निम्म्याहून अधिक बायकांना होतं, दहा-बारा दिवसांत ओसरतं. तिथे जवळ बसून ऐकणं पुरतं. दोन आठवड्यांपुढे टिकलं, कशातच मन लागत नाही, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, तर तो नैराश्याचा आजार आहे आणि दर सात-आठ बाळंतिणींमागे एकीला होतो. तो ओळखायला एडिनबर्गची प्रश्नावली १९८७ पासून आहे, दहा प्रश्न, ती वेटिंग रूममध्ये भरून घेता येते. तेरा किंवा अधिक गुण म्हणजे पुढे बोलायलाच हवं. पण बेरीज कितीही कमी असो, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे, तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर त्याच दिवशी, एकटीशी बोला. सोबत आलेल्यांना बाहेर बसवणं अवघड वाटतं. मी ‘टाके पाहायचे आहेत’ म्हणतो, सगळे आपोआप उठतात. मग विचारतो: बाळ झोपलेलं असताना तरी झोप लागते का? घरात कुणाची भीती वाटते का? या दोन प्रश्नांनी मला प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगितलं आहे.

‘बाळ हातातून पडेल, मीच त्याला काही करेन असे विचार येतात’ असं एखादी सांगते आणि डॉक्टर घाबरतात. विचाराने ती स्वतःच हादरली असेल, म्हणून सुरी लपवत असेल, तर तो चिंतेचा किंवा मंत्रचळाचा प्रकार. त्याला उपचार आहे आणि बाळाला सहसा धोका नसतो. मात्र पहिल्या दोन आठवड्यांत अचानक झोपच लागत नाही, बोलणं भरकटतंय, संशय, आवाज ऐकू येतात, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही, तर ही मानसोपचारातली इमर्जन्सी. हजारात एक-दोघींना होते, बायपोलर आजार आधी असेल तर फार जास्त. रात्रभरही वाट पाहायची नाही. साध्या नैराश्यात दिली जाणारी सर्ट्रालिनची गोळी दुधात अगदी कमी उतरते. गोळी सुरू करायची म्हणून पाजणं बंद करायला लावू नका.

बाळाकडे परत येऊ. पहिल्या दिवसांत वजन सात ते दहा टक्के उतरतं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं, मग रोज वीस ते तीस ग्रॅम. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा वेळा तरी शू. दुपट्यावर विटकरी डाग चौथ्या दिवसानंतरही दिसत असेल तर दूध पोटात जात नाही. ‘दूध पुरत नाही’ असं आई म्हणते तेव्हा तिला धीर किंवा पावडरच्या दुधाचा डबा देण्याआधी वजनकाट्याला विचारा. पुष्कळदा काटा म्हणतो, पुरतंय.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप म्हणजे पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवायचा ताप नव्हे. अठ्ठावीस दिवसांच्या आत तर दाखल करून रक्त, लघवी आणि पाठीतलं पाणी तपासायचं. ३५.५ च्या खाली गेलेलं तापमानही तितकंच वाईट. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. साठ किंवा वर आला तर थांबून पुन्हा मोजा. हिरवी उलटी झाली, तर बाळ हसत असलं तरी आतड्याला पीळ नाही हे सिद्ध होईपर्यंत सर्जनचं बाळ. बाकी अंगावरचे लाल पुरळ, नाकावरचे पांढरे कण, पाठीवरचे निळसर डाग, मुलीच्या शूच्या जागेतून आलेलं थोडं रक्त, सुजलेली छाती, यांत आपण फक्त हात आवरायचा. छाती पिळू देऊ नका. झोपवायचं पाठीवर, दर वेळी.

आता तुमची सहाव्या आठवड्याची यादी. बाळाला पूर्ण उघडं करा. खोली थोडी अंधारी करून ऑफ्थॅल्मोस्कोपने (डोळे तपासायच्या बॅटरीने) दोन्ही डोळ्यांतून परत येणारा लाल प्रकाश पाहा. पांढरा, काळा किंवा दोन्हींत असमान दिसला तर काही दिवसांत नेत्रतज्ज्ञ, कारण जन्मजात मोतीबिंदू सहा ते आठ आठवड्यांत निघाला तर नजर वाचते, आणि तो मोतीबिंदू नसला तर डोळ्यातली गाठ असू शकते. छातीत आवाज ऐकाच, पण जांघेतली नाडी दोन्हीकडे चाचपा. पिताना घाम आणि थांबून थांबून पिणं हा हृदयाचा पत्ता आहे. खुब्याचे सांधे पाहा. बाळ पायाळू होतं किंवा घरात कुणाला खुब्याचा त्रास होता तर हाताला सगळं ठीक लागलं तरी सोनोग्राफी. अंडकोश उतरले नसतील तर सहा महिन्यांपर्यंत थांबा, पुढे नाही. बाळ चेहऱ्याकडे पाहून हसतं का, हे मी सोबतच्यांना न विचारता स्वतः करून पाहतो. यादीतला हा एकच भाग मला कधी कंटाळवाणा झाला नाही. रडण्याचा भर याच सुमारास सर्वांत जास्त असतो, म्हणून आई-बाबांना सांगून ठेवा: सहन झालं नाही तर बाळाला सुरक्षित खाली ठेवून खोलीबाहेर जा, हलवू नका.

आईचं: रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके. शिंकताना लघवी गळते का, गॅस अडवता येतो का, हे शब्द वापरूनच विचारा. ती आपणहून सांगणार नाही. गरोदरपणात साखर वाढली असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी चौथ्या ते बाराव्या आठवड्यात. एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) इतक्या लवकर फसवतं. तिला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या सात ते दहा पट असते आणि ‘आता नॉर्मल आली’ म्हटल्यावर पुन्हा कुणी तपासत नाही, म्हणून दर वर्षाची तारीख कार्डावर लिहून द्या. थायरॉइडची गोळी गरोदरपणात वाढवली असेल तर प्रसूतीनंतर जुन्या डोसवर आणून आता टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी. आणि गर्भनिरोधन सहाव्या आठवड्यात काढणं म्हणजे उशीर. अंगावर न पाजणाऱ्या बाईला एकविसाव्या दिवसानंतर दिवस जाऊ शकतात. फक्त अंगावर पाजणं, पाळी न येणं आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असणं, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच ९८ टक्के संरक्षण. एक सुटली की संपलं. इस्ट्रोजेनच्या गोळ्या पहिले तीन आठवडे कुणालाच नाहीत, पाजणारीला किमान सहा आठवडे नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटना तर सहा महिने थांबायला सांगते. तांबी, इम्प्लांट, नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळ्या आहेत.

दहा मिनिटांत हे सगळं बसत नाही. मी असं करतो: परिचारिका बाळाचे कपडे काढून वजन करते, तेवढ्या वेळात आईचा हात माझ्याकडे, प्रेशरसाठी. आणि पहिल्यांदा कधीही आली, अगदी तिसऱ्या दिवशी बाळाच्या नाळेसाठी आली तरी, दहाव्या दिवसाची वेळ तिथेच लिहून द्यायची. आली नाही तर फोन करायचा.